टॅरँटुलाच्या (पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या) डब्यात पांढरे माइट्स आणि बुरशी झाली आहे. औषध फवारू का?

फवारू नका. माइट्स हे कोळ्याचेच भाऊबंद, त्यालाही आठ पाय आणि यालाही. पिकांवरच्या माइट्सना शेतकरी 'लाल कोळी' म्हणतात आणि त्यावरच्या औषधाला 'कोळीनाशक'. नावातच सगळं आलं.

तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या वाटीभोवती पांढरे ठिपके सरकताना दिसतात आणि लाकडावर कापसासारखी बुरशी आली आहे. आधी टॉर्च आणि भिंग घेऊन नीट बघा. अंग लांबट असेल आणि हात लावताच टुणकन उडत असतील, तर ते स्प्रिंगटेल. ते बुरशी खातात, त्यांना खुशाल राहू द्या. गोलसर, फुगीर आणि संथ असतील तर माइट्स. यातले बहुतेक कुजकं खाणारे, कोळ्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

माझ्याकडे चिलियन रोझ जातीची मादी आहे. ही कोरड्यात राहणारी जात, आणि मी मात्र रोज संध्याकाळी इमानदारीत पाणी शिंपडायचो. वाटीत स्पंजही ठेवला होता (ठेवू नका, तो सडतो). एके दिवशी काच धुरकट दिसली, पुसायला गेलो तर धूर चालत होता! कारण सापडलं कोपऱ्यातल्या जाळ्याखाली. तिने चघळून टाकलेल्या झुरळाची गोळी, त्यावर राखाडी लव, आणि ती लव आतून हलत होती. बुरशी आणि माइट्स, दोघांचं मूळ एकच: ओल, उष्टं आणि कोंडलेली हवा.

मग तिला पेपर टॉवेल अंथरलेल्या कोरड्या डब्यात, फक्त पाण्याची वाटी देऊन हलवलं. हातमोजे घाला, पोटावरचे केस उडाले की भयंकर खाज सुटते. जुनी माती सगळी फेकली, डबा नुसत्या गरम पाण्याने धुऊन खडखडीत वाळवला आणि समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडली, म्हणजे हवा आरपार खेळते. कोकोपीट नवं घातलं, तेही कोरडं. कोळ्याला खायला घालायच्या रातकिड्यांचा डबाही उघडून बघा. माझे माइट्स तिथूनच आले होते. तो तसाच ठेवला तर सगळी मेहनत वाया.

तुमची जात दमट हवेतली असेल तर सगळं सुकवून टाकू नका. एका कोपऱ्यातून पाणी ओता, खालचा थर ओला राहील आणि वरचा कोरडा.

लाकडावरच्या बुरशीची मला फार काळजी वाटत नाही. नव्या लाकडावर ती येते आणि बऱ्याचदा आपोआप जाते. खरवडून टाका. मातीभर पसरून कुबट वास येत असेल तरच सगळं बदला.

कोळ्याच्या अंगावर माइट्स दिसले तर? काही नुसते प्रवासी असतात. त्या अवस्थेत त्यांना तोंडच नसतं, चिकटून दुसरीकडे जायचं एवढंच काम. कात टाकली की बरेचसे तिच्याबरोबर जातात. पण तोंडाभोवती किंवा पोटाखालच्या फुप्फुसांच्या फटींजवळ गर्दी झाली, किंवा सांध्यांच्या मऊ कातडीत रुतून बसलेले दिसले, तर मऊ ब्रशच्या टोकाला जरासं व्हॅसलीन लावून एकेक टिपा. त्या फटींना व्हॅसलीन लागता कामा नये, तिथूनच तो श्वास घेतो. आणि कोळी उताणा पडलेला दिसला तर ब्रश खाली ठेवा. तो मेलेला नाही, कात टाकतोय.

साफसफाईनंतर रात्री बटाट्याची एक चकती मातीवर ठेवायची आणि सकाळी भिंगाखाली बघायची. माझी चकती पहिल्या आठवड्यात रोज माइट्सनी भरून जायची, मग कमी होत होत रिकामी. उष्टं मात्र अजूनही दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढतोच.

एक गोष्ट वेगळी ओळखा: तोंडाभोवती पांढरा चिकट लगदा, घाण वास आणि खाणं बंद. हे माइट्सचं काम नाही, बारीक कृमींचं असू शकतं. तसं दिसलं तर तो कोळी त्याच दिवशी बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि त्याचा चिमटाही वेगळा.