सिव्हिल थ्रीडीमध्ये एक पीव्हीआय उचलला की शेजारचे ग्रेड आणि कर्व्ह का बदलतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साखळी १२०० (रस्त्याच्या आरंभापासून मीटरमधले अंतर) वरच्या बॉक्स मोरीसाठी रस्ता ६०० मिलिमीटर उचलायचा होता, म्हणून तुम्ही तिथला पीव्हीआय (दोन ग्रेडचा, म्हणजे चढ-उतारांचा, छेदनबिंदू) १००.००० वरून १००.६०० वर नेला. प्रत्यक्षात रस्त्याची पातळी जेमतेम ५१ सेंटिमीटर वाढली. साखळी १५०० च्या व्हॅली कर्व्हला (खोलगट वक्राला) हात लावला नसतानाही त्याची के व्हॅल्यू (वक्र किती सौम्य आहे ते सांगणारा आकडा) बदलली, आणि पॅनोरमा या तक्त्याच्या खिडकीमधले काही आकडे करडे दिसत असल्यामुळे ते दुरुस्तही करता येत नाहीत. यात सिव्हिल थ्रीडी या रस्ते आखण्याच्या सॉफ्टवेअरचा दोष नाही. या सर्व गोष्टी प्रोफाइलमधील, म्हणजे रस्त्याच्या उभ्या आखणीतील, घटक एकमेकांना ज्या रीतीने जोडलेले असतात, त्यातून निघतात.

पीव्हीआय हा रस्त्यावरचा बिंदू नसतो, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. दोन ग्रेडच्या रेषा वाढवल्या तर त्या जिथे छेदतील तो हा बिंदू असतो, आणि समिट कर्व्हवर (उंचवट्याच्या वक्रावर) रस्ता त्याच्या खालून जातो. किती खालून, ते पॅराबोलाच्या साध्या सूत्राने कळते: दोन ग्रेडमधील फरक टक्क्यांत घ्यावा, त्याला कर्व्हच्या लांबीने गुणावे आणि ८०० ने भागावे. तुमचा आधीचा पीव्हीआय साखळी १००० वर ९६.००० पातळीला आणि पुढचा साखळी १५०० वर ९५.५०० पातळीला आहे. म्हणजे मूळ ग्रेड अधिक २.० टक्के आणि उणे १.५ टक्के, फरक ३.५. कर्व्हची लांबी १४० मीटर धरल्यास रस्ता पीव्हीआयच्या ०.६१३ मीटर खाली, म्हणजे ९९.३८७ वर होता. पीव्हीआय उचलल्यावर ग्रेड २.३ आणि उणे १.७ झाले, फरक ४.० झाला, आणि रस्ता आता ०.७०० मीटर खाली, ९९.९०० वर आला. म्हणून वाढ ५१३ मिलिमीटरचीच झाली. नेमकी ६०० मिलिमीटर वाढ हवी असेल तर, लांबी १४० मीटर कायम ठेवून, पीव्हीआय सुमारे ७०२ मिलिमीटर उचलावा लागेल.

इथे ‘लांबी कायम ठेवून’ या अटीला फार महत्त्व आहे. लांबी भागिले ग्रेडमधील फरक म्हणजे के. त्यामुळे फरक बदलला की लांबी आणि के यांपैकी एकच राशी स्थिर राहू शकते. मूळ कर्व्हचा के ४० होता. लांबी स्थिर राहिली तर तो ३५ होतो. के ४० स्थिर राहिला तर लांबी १६० मीटर होते आणि रस्ता ९९.८०० वर, म्हणजे फक्त ४१३ मिलिमीटर वर येतो. पीव्हीआयचा बदल तोच, पण मोरीवर मिळणारी उंची निराळी. तुमच्या प्रोफाइलमध्ये यांतली कोणती राशी धरून ठेवली जाते, हे एखादा छोटा बदल करून एकदा पाहून घ्यावे; ते न पाहता पातळ्यांचा तक्ता साइटवर पाठवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता शेजारच्या कर्व्हविषयी. ‘ड्रॉ टँजेंट्स विथ कर्व्ह्ज’ हा आदेश वापरून काढलेल्या प्रोफाइलमध्ये दोन पीव्हीआयमधील टँजेंट (एकाच ग्रेडची सरळ रेषा) दोघांचा सामायिक असतो, आणि त्यांच्यामधले कर्व्ह फ्री प्रकारचे असतात. फिक्स्ड घटक स्वतःच्या बिंदूंवर उभा असतो, फ्लोटिंग घटक एका शेजाऱ्याला स्पर्शिका राहतो, आणि फ्री घटक आधीच्या व नंतरच्या अशा दोन्ही घटकांना स्पर्शिका राहण्यास बांधील असतो. साखळी १२०० चा पीव्हीआय हलला की १२०० ते १५०० हा टँजेंट फिरला, आणि त्या टँजेंटला बांधलेला व्हॅली कर्व्ह नव्याने मांडला जाणे अटळ होते. तिथे पुढचा ग्रेड अधिक १.० टक्का असल्याने फरक २.५ चा २.७ झाला आणि १०० मीटर लांबीच्या त्या कर्व्हचा के ४० वरून ३७ वर आला. साखळी १००० च्या कर्व्हमध्येही असाच बदल झाला असणार, कारण त्याच्या पुढचा ग्रेडही ०.३ टक्क्याने वाढला आहे. तो मात्र तुम्ही पाहिलेला दिसत नाही.

पॅनोरमामधले करडे आकडेही याच नात्याने स्पष्ट होतात. जो आकडा घटकाच्या व्याख्येत आहे तो बदलता येतो, आणि जो इतर घटकांवरून काढला जातो तो फक्त वाचता येतो. फ्री कर्व्हची लांबी तुमच्या हातात असते, पण त्याच्या आरंभबिंदूची पातळी नसते, कारण ती ग्रेड, पीव्हीआय आणि लांबी यांतून ठरते. करडा आकडा दिसला की तो कशावरून निघतो हे शोधावे आणि दुरुस्ती त्या मुळाशी करावी. कर्व्ह पुसून फिक्स्ड प्रकाराने पुन्हा काढण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास त्याची टँजेंटशी असलेली बांधिलकी सुटू शकते, आणि पुढच्या बदलात ग्रेड आणि कर्व्ह यांच्यामध्ये तुटकपणा येतो, जो स्क्रीनवर चटकन दिसत नाही.

कोणती ग्रिप (स्क्रीनवर धरून ओढण्याची खूण) धरून ओढता यावरही पुष्कळ अवलंबून असते. पीव्हीआयवरचा मधला त्रिकोण ओढल्यास दोन्ही ग्रेड बदलतात. बाजूचे त्रिकोण ओढल्यास पीव्हीआय एका टँजेंटवरूनच सरकतो, त्या टँजेंटचा ग्रेड तसाच राहतो आणि फक्त दुसरा बदलतो. पुढच्या कर्व्हला धक्का लावायचा नसेल तर ही ग्रिप आकर्षक वाटते. मात्र तुमच्या उदाहरणात उणे १.५ टक्के कायम ठेवून पीव्हीआय साखळी ११६० वर, १००.६०० पातळीला नेला, तर येणारा ग्रेड २.८७५ टक्के होतो, के ३२ वर येतो, आणि साखळी १२०० वर रस्ता केवळ ४७२ मिलिमीटर वर जातो. वेग ताशी ८० किलोमीटर आणि थांबण्याचे दृश्य अंतर १२० मीटर धरल्यास इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:एसपी:२३ या मार्गदर्शिकेच्या सूत्रानुसार समिट कर्व्हसाठी के सुमारे ३२.७ लागतो, म्हणजे हा पर्याय मोरीला अपुरा आणि दृश्य अंतरालाही किंचित कमी पडणारा ठरतो. याउलट वर सांगितलेल्या ७०२ मिलिमीटरच्या पर्यायात के ३४ च्या पुढे राहतो. व्हॅली कर्व्हचा के त्यात ३६.६ होतो, पण हेडलाइटच्या (रात्री दिव्याच्या प्रकाशात रस्ता पुरेसा दिसण्याच्या) निकषानुसार त्याच वेगाला तिथे सुमारे २५ पुरतो, त्यामुळे त्या बदलाची चिंता करण्याचे कारण नाही.

‘रेझ/लोअर पीव्हीआयज’ हा आदेश एका टप्प्यातील सर्व पीव्हीआय सारखेच उचलतो, त्यामुळे टप्प्याच्या आतले ग्रेड जसेच्या तसे राहतात आणि फक्त दोन्ही टोकांचे बदलतात. लांब पूरक्षेत्रात मला हाच मार्ग योग्य वाटतो. एका मोरीसाठी मात्र ३०० मीटर जादा भराव घालणे ठेकेदाराला परवडले तरी प्रकल्पाला परवडत नाही.

एक जोड प्रोफाइलच्या बाहेरची आहे आणि ती सर्वांत जास्त फसवते. तुमच्या टप्प्यात इंटरसेक्शन ऑब्जेक्ट (रस्त्यांचा छेद मांडण्याचे साधन) वापरून केलेला जोडरस्ता असेल, तर त्याच्या प्रोफाइलवर मुख्य रस्त्याच्या पातळीशी बांधलेले, कुलपाचे चिन्ह असलेले पीव्हीआय असतात. मुख्य रस्ता उचलला की तेही उचलले जातात, आणि जोडरस्त्याचा शेवटचा ग्रेड अचानक तीव्र होतो. कुलूप काढून तो आकडा हाताने बदलता येतो, पण त्यानंतर मुख्य रस्त्यातील कोणताही बदल तिथपर्यंत पोहोचणार नाही. म्हणून कुलूप तसेच ठेवून जोडरस्त्यावरचा त्याच्या अलीकडचा मोकळा पीव्हीआय हलवावा, हे मी सुचवेन. ओपनरोड्स या दुसऱ्या रस्ते-आखणी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनाही हीच दक्षता लागते. तिथे घटक काढतानाच नियम नोंदवला जातो, आणि तो नियम निष्क्रिय करणे व कायमचा काढून टाकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

तुम्ही आता असे करावे: सध्याच्या प्रोफाइलची प्रत काढून ठेवा, साखळी १२०० चा पीव्हीआय १००.७०२ करा, तेथील कर्व्हची लांबी १४० मीटरच राहिली आहे याची खात्री करा, आणि मग साखळी १२०० वरची रस्त्याची पातळी वाचा. ती ९९.९८७ च्या आसपास आली पाहिजे. त्यानंतर साखळी १००० आणि १५०० या दोन्ही कर्व्हचे के तपासा आणि कॉरिडॉर (रस्त्याचे त्रिमितीय मॉडेल) रीबिल्ड करूनच भरावाचे परिमाण काढा.