पायथॉनमध्ये कोलनचा विसर्ग करताना

आपला प्रश्न मला असा समजला: जुन्या मराठी लेखांची एक मोठी फाइल आपल्याकडे आहे आणि तीत ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘अंत:करण’ अशा शब्दांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम, म्हणजे कोलन, टंकलेला आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतले ‘रिप्लेस’ हे एका मजकुराच्या जागी दुसरा आणणारे साधन वापरले तेव्हा पहिल्यांदा काहीच बदलले नाही, आणि दुसऱ्यांदा बदलले ते असे की ‘सकाळी १०:३०’ मधल्या कोलनचाही विसर्ग झाला. मजकुरातले न दिसणारे जोडचिन्ह सरसकट काढून टाकावे का, असेही आपण विचारले आहे.

पहिल्या अडचणीचे कारण साधे आहे. पायथॉनमधील स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची मालिका, एकदा तयार झाली की बदलत नाही; ‘रिप्लेस’ मूळ स्ट्रिंगला हात न लावता नवी स्ट्रिंग परत देते आणि ती आपण कुठल्याही चलात साठवली नाही तर वाया जाते. फाइल उघडताना आणि लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट सांगावे आणि निकाल नेहमी वेगळ्या फाइलीत लिहावा. मी एकदा एका जुन्या नाटकाच्या संहितेवर असाच सरसकट बदल मूळ फाइलीतच केला होता. त्यात प्रत्येक पात्राच्या नावापुढचा कोलन विसर्ग झाला आणि दुसरी प्रत नसल्यामुळे ती सगळी पाने मला हाताने दुरुस्त करावी लागली.

खरा प्रश्न दुसरा आहे. कोलन आणि विसर्ग डोळ्यांना सारखे दिसले तरी संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे आहेत, आणि कोणता कोलन चुकीचा आहे हे त्या चिन्हावरून नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते. ‘रिप्लेस’ला शेजारी पाहता येत नाहीत, त्यामुळे येथे रेग्युलर एक्स्प्रेशनच, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारे सूत्रच, हवे. शब्दाच्या मध्ये आलेल्या कोलनसाठी मी हा नमुना वापरतो:

(?<=[अ-ौ]):(?=[अ-ह])

याचा अर्थ असा की कोलनच्या आधी देवनागरी अक्षर किंवा मात्रा असावी आणि नंतर स्वर किंवा व्यंजन असावे. हे दोन्ही शेजारी केवळ तपासले जातात, बदलला जातो तो फक्त कोलन. देवनागरी अंक युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, या दोन्ही पल्ल्यांच्या पुढे येतात, म्हणून ‘१०:३०’ किंवा ‘२:१’ यांना धक्का लागत नाही. नंतरच्या कंसात केवळ व्यंजने घेऊन भागत नाही, कारण ‘स्वत:ऐवजी’, ‘स्वत:इतका’ असे शब्द मराठीत सर्रास येतात. एक व्यावहारिक सूचना करतो: कंसातली सुटी मात्रा बऱ्याच एडिटरमध्ये आधीच्या डॅशला चिकटून दिसते आणि नमुना वाचताना घोटाळा होतो, त्यामुळे प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक लिहिणे बरे.

या नमुन्यालाही एक धोका आहे. ‘गाव:सातारा’ असे मधली जागा न सोडता लिहिलेले असेल, तर तेथेही विसर्ग होईल. म्हणून बदल करण्यापूर्वी ‘फाइंडऑल’ने कोलनच्या दोन्ही बाजूंचा सलग मजकूर गोळा करावा, ‘काउंटर’ने त्याची वारंवारता काढावी आणि ती यादी स्वतः वाचावी. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे यादी मजकुराच्या मानाने बरीच लहान निघते. हा टप्पा कृपया गाळू नका.

शब्दाच्या शेवटी आलेला कोलन मात्र कोणत्याही नमुन्याने ओळखता येत नाही. ‘विशेषत:’ मध्ये विसर्ग हवा, तर ‘माझे मत:’ मध्ये कोलन बरोबर आहे. ‘क्रमश:’ मध्ये विसर्ग हवा, तर ‘उद्देश:’ या मथळ्यात नको. ‘त’ किंवा ‘श’ नंतरचा कोलन बदला, असा नियम केला तर हे मथळे बिघडतील. येथे शब्दांची यादीच करावी लागते: स्वत, विशेषत, सामान्यत, साधारणत, मुख्यत, वस्तुत, अंशत, पूर्णत, क्रमश, अक्षरश, पुन आणि आपल्या मजकुरात आढळतील ते इतर. हे शब्द उभ्या रेषेने जोडून एका गटात ठेवावेत, त्यांच्यापुढे कोलन लिहावा आणि ‘सब’ या नमुन्यानुसार बदल करणाऱ्या साधनामध्ये तो गट जसाच्या तसा ठेवून त्याला विसर्ग जोडावा.

शब्दाची सुरुवात ओळखण्यासाठी मात्र पायथॉनच्या ‘आरई’ या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मॉड्यूलमधील बॅकस्लॅश-बी या शब्दसीमेवर विसंबू नका. हे मॉड्यूल मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शब्दातील चिन्हे मानतच नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. शब्दातील सलग चिन्हे शोधणाऱ्या बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि अधिकचिन्ह या नमुन्याने ‘मराठी’ हा शब्द शोधून पाहा: हाती ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे येतात. तसेच दोन्ही बाजूंना शब्दसीमा लावून ‘मत’ शोधले तर ते ‘बहुमत’ या शब्दातही सापडते, कारण ‘हु’च्या उकारानंतर नवा शब्द सुरू झाला असे मानले जाते. त्याऐवजी गटाच्या आधी कोणतेही देवनागरी अक्षर, मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त नसावा, अशी नकारार्थी अट स्वतः लिहावी.

आता न दिसणाऱ्या चिन्हाविषयी. युनिकोड क्रमांक २००डी असलेले हे जोडचिन्ह कचरा समजून काढू नका. जुन्या मजकुरात ‘ऱ्य’ पुष्कळदा साधा र, हलन्त आणि हे जोडचिन्ह अशा क्रमाने टंकलेला असतो. चिन्ह काढताच अर्धा र रफार बनतो आणि ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या जागी गुरुजी येतात. तेव्हा आधी या तीन चिन्हांच्या जागी ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त ही जोडी आणावी. तेवढे केल्यावर जी जोडचिन्हे उरतील तीही मुद्दाम घातलेली असू शकतात, म्हणून प्रत्येकाचा संदर्भ पाहूनच निर्णय घ्यावा.

‘अॅ’ या अक्षराबाबतही असेच आहे. ते ०९७२ या एकाच क्रमांकाने लिहिता येते, तसेच अ आणि वरची अर्धचंद्राची खूण असे दोन चिन्हांनीही. ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ या दोन रूपांना एक करत नाही, म्हणून ते काम ‘रिप्लेस’ने स्वतः करावे लागते. दोन चिन्हांचे एक करताना ‘ट्रान्सलेट’ हे चिन्हागणिक बदल करणारे साधन चालणार नाही, कारण त्याच्या तक्त्यात डाव्या बाजूला एकच चिन्ह मावते. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करायचे असतील तेव्हा मात्र ‘ट्रान्सलेट’च वापरावे, म्हणजे दहाही बदल एका फेरीत होतात.

कोठे अडलात तर त्या ओळीतील प्रत्येक चिन्ह सुटे करून त्याचे नाव ‘युनिकोडडेटा’कडून छापून घ्या आणि ती नावे येथे द्या, केवळ पडद्याचे चित्र पाहून कोलन आहे की विसर्ग हे मलाही सांगता येणार नाही.