फोन हातात दे आणि गप्प राहा

अनेक आशीर्वाद.

अ‍ॅप पूर्ण झालं की मग मीटअपला दाखवीन, असं तू लिहिलंस आणि त्याच पत्रात आणखी तीन फीचर्स सांगितलीस. ही यादी संपायची नाही. मेसच्या हिशेबाचं अ‍ॅप आज जेवढं चालतंय तेवढंच घेऊन जा. पुण्यात जीडीजी (गुगल डेव्हलपर ग्रुप), फॉस युनायटेड अशा प्रोग्रामरांच्या गटांचे कार्यक्रम होतात. तिथे मागच्या खुर्चीत बसून टिपणं काढणं आता पुरे. चहाच्या वेळी शेजारच्याच्या हातात फोन दे, ‘कालचं जेवण टाक’ एवढंच सांग आणि गप्प राहा.

गप्प म्हणजे खरंच गप्प. ‘इथे दाब’ म्हणालीस की चाचणी संपली. त्याचा अंगठा कुठे थबकतो ते बघ.

तुझं अ‍ॅप एपीआय ३५ टार्गेट करतं, म्हणजे ते अँड्रॉइड १५ च्या नियमांसाठी बांधलंय; तिथे त्याची स्क्रीन या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरणार. तुझ्या फोनवर जेश्चर नेव्हिगेशन आहे, म्हणजे बटणांऐवजी बोट सरकवायचं, म्हणून तुला काहीच खटकत नाही. ज्याच्या फोनवर खाली तीन बटणं आहेत, त्याचं ‘जतन करा’ त्या पट्टीखाली अर्धं जातं. रक्कम टाकायला कीबोर्ड वर आला की उरलेलंही झाकलं जातं. तो माणूस दोनदा वर-खाली सरकवतो, मग बॅक दाबत सुटतो आणि टाकलेली रक्कम जाते. उपाय सोपा आहे : विंडो इन्सेट्स, म्हणजे स्क्रीनच्या कडेला झाकली जाणारी जागा, हाताळ; नेव्हिगेशन पट्टीचे आणि कीबोर्डचेही. पण बिघाड दिसल्याशिवाय उपाय सुचत नाही, आणि तो दिसतो परक्या हातातच.

आता प्ले स्टोअर. डेव्हलपर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला प्रॉडक्शनची, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं करण्याची, परवानगी मागण्याआधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे ठरावीक लोकांपुरती चाचणी, करावी लागते : किमान १२ टेस्टर, सलग १४ दिवस. मधेच कुणी बाहेर पडलं की गणित बिघडतं, म्हणून वीसेक जण धर. एकेकाचा ईमेल विचारत बसू नकोस. लोक ऑफिसचा पत्ता देतात, प्ले स्टोअरवर खातं भलतंच असतं, आणि लिंक उघडली की अ‍ॅप उपलब्ध नाही असं दिसतं. एक गुगल ग्रुप कर, कुणालाही सामील होता येईल असा ठेव, तोच टेस्टर यादीत जोड. आधी ग्रुप, मग ऑप्ट-इन लिंक (टेस्टर व्हायला होकार देण्याची), याच क्रमाने दोन क्यूआर कोड छापून ने.

‘तू माझं टेस्ट कर, मी तुझं करतो’ असे ग्रुप सापडतील. तिकडे फिरकू नकोस. परवानगीच्या अर्जात टेस्टरांनी काय सांगितलं आणि तू काय बदललंस हे विचारतात. नुसतं इन्स्टॉल करून विसरलेल्या लोकांच्या जोरावर काय लिहिशील? टेस्टर अपुरे गुंतले असं वाटलं तर आणखी चाचणी करा म्हणून अर्ज परतही येतो.

परक्याच्या हातात काम द्यायचं, याच एका मुद्द्यावर मी अडून बसतो, असं लोक म्हणतात. बसतो. उत्तम कोड लिहिणारी मुलं वर्षानुवर्षं दुसऱ्यांची भाषणं ऐकत राहिली आणि त्यांची अ‍ॅप्स त्यांच्याच लॅपटॉपमध्ये राहिली, याची मला हळहळ आहे. त्यांना वेळेवर रागावायला हवं होतं. म्हणून तुला रागावतोय.

पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक मिळाला तर घे. हॉलच्या वायफायवर विसंबू नकोस; यूएसबी केबल आणि scrcpy या प्रोग्रामने फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दाखव, डेटा आधीच भरून ठेव. टॉक संपला की पुन्हा तेच : फोन दुसऱ्याच्या हातात, तू गप्प.

आणि पहिलं बंडल, म्हणजे प्लेवर चढवायची फाइल, चढवण्याआधी पॅकेजचं नाव, म्हणजे प्लेवरची तिची कायमची ओळख, तपास. com.example ने सुरू होत असेल तर प्ले ते घेत नाही, आणि एकदा प्रकाशित झालेलं नाव पुन्हा बदलता येत नाही. हे आज रात्रीच कर, शनिवारी मीटअप आहे.