मंगळावरचे लोक हिरवे होते

प्रश्न : सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत सुट्टीच्या दिवसांत व्हीसीआर भाड्याने आणून मुलांना सिनेमे दाखवत असत. त्यांपैकी एका इंग्रजी सिनेमात मंगळावरचे लोक सांताक्लॉजला पळवून नेतात, एवढेच माझ्या लक्षात राहिले होते. ‘सांता क्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स’ हे त्याचे नाव अलीकडे कळले आणि या दिवाळीत मी तो मुलीला व भाचरांना दाखवला. यंत्रमानव म्हणजे रंगवलेली खोकी आणि अस्वल म्हणजे कातडे पांघरलेला माणूस, हे पाहून घरातली मोठी माणसे हसली आणि मी ओशाळलो. मुले मात्र शेवटपर्यंत जागची हलली नाहीत. शेजाऱ्यांचा टीव्ही कृष्णधवल असल्यामुळे मंगळावरचे लोक हिरवे आहेत, हे मलाही यंदाच कळले. या सिनेमात खरेच काही आहे, की मला माझे बालपणच गोड वाटते आहे?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातली हिरव्या रंगाची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. ती माणसे आपल्याला करडी दिसली, तरी मंगळ हा मंगळच राहिला. म्हणजे पडद्यावर जे नव्हते ते आपण स्वतः भरून काढले होते, आणि आज जे गोड वाटते त्यात त्या मेहनतीचा वाटा मोठा आहे.

हा चित्रपट १९६४ च्या नोव्हेंबरात, नाताळच्या तोंडावर, मुलांसाठी म्हणून अमेरिकेत प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विमाने ठेवण्याची एक जुनी शेड वापरात नव्हती, तिथे त्याचे चित्रीकरण झाले. पैसा इतका बेताचा होता, की विमाने उडतानाची दृश्ये लष्कराच्या आधीच चित्रित झालेल्या फितींतून घ्यावी लागली. ही दृश्ये आणि पुढचा काही भाग रेंगाळतो, हे मान्य केलेच पाहिजे. १९९१ मध्ये तिकडच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याची यथेच्छ टिंगल केली आणि तेव्हापासून बहुतेक प्रौढ तो हसण्यासाठीच पाहतात.

मूल तसे पाहत नाही. आपल्या कोल्हापुरात दिवाळीला मुले किल्ला करतात, तो आठवून पाहावा. दगडमातीवर पोते अंथरून, त्यावर चिखल लिंपून आणि अळीव पेरून उभ्या केलेल्या त्या किल्ल्यावर पापाच्या तिकटीवरून आणलेला मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, आणि तरीही तो दरवाजातून आत कसा जाईल, असे कोणतेही मूल विचारत नाही. पोते आपणच अंथरले आहे हे त्याला पक्के ठाऊक असते आणि तो रायगड आहे हेही तितकेच पक्के ठाऊक असते. या दोन गोष्टी त्याच्या मनात भांडत नाहीत. खोक्याचा यंत्रमानव पाहताना आपल्या भाचरांना तो खोटा आहे हे दिसलेच असणार. पण ‘असा तर आपल्यालाही करता येईल’ हेही त्याच क्षणी दिसले असणार. निर्दोष, चकचकीत चित्रपट मुलाला थक्क करतो, परंतु हा दुसरा विचार त्याच्या मनात सहसा येऊ देत नाही.

गंमत अशी, की कथाही हेच सांगते. मंगळावरच्या मुलांच्या डोक्यात यंत्रांनी ज्ञान भरलेले आहे, त्यांना खेळणे ठाऊक नाही, आणि ती सुन्नपणे पृथ्वीवरचा टीव्ही पाहत बसतात. त्यांना हसता यावे म्हणून सांताक्लॉजला पळवून नेतात. तिथे तो बटणे दाबून यंत्रावर खेळणी काढतो आणि त्याला त्याचा कंटाळा येतो. अखेरीस दुष्ट माणसाचा पराभव मुले खेळण्यांनीच करतात. खेळाची ही बाजू मांडणारा चित्रपट स्वतःही खेळासारखाच, हाताशी असेल त्यातून उभा राहिला आहे, म्हणून त्याचा साधेपणा मला दोष वाटत नाही.

कोल्हापूरकराने यावरून थेट बाबूराव पेंटरांपर्यंत जाऊ नये, असे मात्र मला वाटते. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या, स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणाऱ्या त्या कलावंताच्या हातात असामान्य कसब होते, आणि या चित्रपटाच्या कर्त्यांपाशी ते नव्हते. साम्य एवढेच, की दोन्हीकडे माणसाच्या हाताचा ठसा दिसतो.

राहिला आपल्या बालपणाचा प्रश्न. गल्लीतली सतरंजी, शेजाऱ्यांचे घर, भाड्याचे पैसे संपण्याआधी आणखी एक सिनेमा पाहण्याची घाई, यांचा गोडवा आपला आहे आणि तो मुलीला देता येणार नाही. तो तिला समजावून सांगण्याचा प्रयत्नही करू नये. मुलांनी पुन्हा मागितला तर चित्रपट अवश्य लावावा, लष्करी दृश्ये हवी तर गाळावीत, आणि मुले पाहत असताना मोठ्यांनी हसू आवरावे. दिवाळीच्या खरेदीची रिकामी खोकी अजून रद्दीत गेली नसतील, तर ती आठवडाभर घरातच राहू द्यावीत.