ग्रीनच्या काठावरून चिपर वापरावा का?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी गोल्फ शिकलो आणि आता पुण्यात नियमित खेळतो. लांबचे फटके माझ्या वयाच्या मानाने समाधानकारक बसतात. परंतु चेंडू ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून, पाच-दहा पावलांवर आला की सगळे बिघडते. सँड वेजने (वाळूतून चेंडू काढण्याच्या क्लबने) मारताना क्लब कधी चेंडूच्या मागे जमिनीत रुततो, तर कधी चेंडूच्या मध्यावर लागतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. एका स्नेह्यांनी चिपर, म्हणजे ग्रीनच्या काठावरून छोटा फटका मारण्यासाठीचा खास क्लब, घेण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांच्या मते चिपर हा ‘ज्यांना खेळता येत नाही त्यांचा’ क्लब आहे. आमचा कॅडी (बॅग वाहणारा सोबती) म्हणतो, ‘साहेब, आठ नंबरने मारा,’ म्हणजे आठ नंबरच्या आयर्न क्लबने. मी काय करावे? मासिक स्पर्धेत चिपर चालतो का, हेही कळावे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी कॅडीचा सल्ला आधी अमलात आणावा, त्याने पुरेसा फरक पडला नाही तर पहिल्या स्नेह्यांचे ऐकून चिपर घ्यावा, आणि दुसऱ्या स्नेह्यांचे मत मनावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण चिपर कोणता दोष दूर करतो आणि कोणता करत नाही हे समजल्याशिवाय तो विकत घेण्यात अर्थ नाही.

प्रथम आपला सँड वेज का फसतो ते पाहू. या क्लबचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, साधारणपणे 54 ते 56 अंश असतो आणि वाळूत तो खोल जाऊ नये म्हणून त्याच्या तळाला फुगवटा दिलेला असतो, ज्याला बाउन्स म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत ग्रीनभोवतीची जमीन टणक आणि गवत विरळ झाले की हा फुगवटा जमिनीवर आपटून वर उसळतो आणि क्लबची पुढची धार थेट चेंडूच्या मध्यावर लागते. पावसाळ्यात माती मऊ असताना क्लब जरा पुढे झुकवून मारला की तीच धार चेंडूमागे रुतते. जमिनीच्या या स्वभावात खेळाडूच्या हाताचीही भर पडते. तिरके तोंड पाहिले की चेंडू उचलून द्यावा असे मनगटांना वाटते, ती ऐन वेळी वळतात आणि फटक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो. आपण वर्णन केलेले दोन्ही दोष, म्हणजे रुतणे आणि मध्यावर लागणे, बहुधा या एकाच सवयीतून आलेले आहेत.

चिपरची रचना नेमकी या सवयीला आवर घालण्यासाठी केलेली असते. त्याचा लॉफ्ट बहुधा 30 ते 42 अंशांच्या दरम्यान असतो, दांडा जवळजवळ पटरइतका (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या क्लबइतका) आखूड असतो आणि तो पटरसारखाच बराच उभा धरता येतो; पिंग कंपनीचा चिपआर हा क्लब उदाहरणादाखल घेतला, तर त्याचा लॉफ्ट 38.5 अंश आणि लांबी 35 इंच आहे. दांडा उभा असल्यामुळे खेळाडू चेंडूच्या जवळ उभा राहतो, नजर जवळपास चेंडूच्या वर येते, आणि फटका मनगटांऐवजी खांद्यांच्या हालचालीने, पट (पटरचा फटका) मारल्यासारखा बसतो. लॉफ्ट कमी असल्यामुळे थोड्याशा हालचालीतही चेंडू पुरेसा पुढे जातो. तो काठावरचे गवत ओलांडण्यापुरता हवेत उठतो आणि उरलेले अंतर ग्रीनवर घरंगळत कापतो. ज्या फटक्यात हालचाल लहान असते त्यात चुकीला वावही लहान राहतो, आणि चिपरच्या उपयुक्ततेचे खरे कारण हेच आहे.

तरीही कॅडीचे ऐका असे मी म्हणतो, कारण हा फटका आपल्या बॅगेत आधीपासूनच असलेल्या आठ नंबरने जवळजवळ तसाच मारता येतो. क्लब खाली, पकडीच्या तळाशी धरावा, पटरची पकड घ्यावी, दांडा नेहमीपेक्षा उभा करावा म्हणजे क्लबची टाच (तोंडाची दांड्याकडची बाजू) जमिनीवरून किंचित उचलली जाईल, चेंडू पावलांच्या मध्यापासून थोडा मागे ठेवावा, वजन पुढच्या पायावर घ्यावे आणि मनगटे न वळवता पट मारावा. टाच उचललेली असल्यामुळे क्लबचा फार थोडा भाग जमिनीला लागतो आणि तो गवतात अडकण्याची शक्यता कमी होते. अमेरिकन खेळाडू पॉल रनयन याच धर्तीवर, दांडा उभा धरून आणि पटरसारख्या हालचालीने, चिप (काठावरचा हा छोटा फटका) मारत असे. 1938 सालच्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात त्याच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या सॅम स्नीडला त्याने सात होल शिल्लक असतानाच आठ होलच्या आघाडीने हरवले. ज्याच्याकडे ताकद कमी आहे त्याने ग्रीनच्या काठावर आपले गुण कमवावेत, याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही, आणि साठीनंतर खेळणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे.

अंतराच्या अंदाजासाठी जुन्या शिक्षकांचा बाराचा हिशेब शिकून घ्यावा. समजा, चेंडू ज्या जागी टेकवायचा ती जागा तीन पावलांवर आहे आणि तिथून होल बारा पावलांवर आहे. म्हणजे घरंगळण्याचे अंतर हवेतल्या अंतराच्या चौपट झाले. बारातून चार वजा केले की आठ उरतात, म्हणून आठ नंबर घ्यायचा. घरंगळण्याचे अंतर हवेतल्या अंतराच्या दुप्पटच असेल तर उत्तर दहा येते आणि ते पिचिंग वेजचे, म्हणजे नऊ नंबरनंतरच्या क्लबचे, असते. हा हिशेब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी आहे. चढावर एक नंबर कमी आणि उतारावर एक नंबर जास्त घ्यावा, आणि पावसाळ्यात ओल्या ग्रीनवर चेंडू लवकर थांबतो हेही ध्यानात ठेवावे. अलीकडच्या अनेक संचांत आयर्नचे लॉफ्ट पूर्वीपेक्षा कमी ठेवलेले असतात, त्यामुळे आपल्या संचातला नऊ नंबर जुन्या आठ नंबरसारखा वागण्याची शक्यता आहे. ते सरावाच्या ग्रीनवर एकदा तपासून घ्यावे.

काही आठवडे असा सराव करूनही मनगटे वळतच राहिली, किंवा लांब दांड्याचा क्लब आखूड धरून वाकून उभे राहणे पाठीला जड जात असेल, तर चिपर अवश्य घ्यावा. घेण्यापूर्वी कोणाचा तरी मागून आणावा आणि एकाच जागेवरून दहा चेंडू चिपरने, दहा आठ नंबरने आणि दहा सँड वेजने मारून प्रत्येक चेंडू होलपासून किती पावलांवर थांबला ते लिहून ठेवावे. निर्णय घेताना प्रत्येक क्लबचा सर्वांत चांगला चेंडू न पाहता सर्वांत वाईट तीन पाहावेत, कारण आपल्या फटक्यांची संख्या त्या तिघांमुळे वाढते. क्लब चेंडूला नीट लागत असूनही चेंडू कधी फार मागे आणि कधी फार पुढे थांबत असेल, तर दोष अंतराच्या अंदाजाचा आहे आणि तो कोणताही नवा क्लब दूर करणार नाही.

चिपरला मर्यादाही आहेत. मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असेल, चेंडू रफमध्ये, म्हणजे न कापलेल्या उंच गवतात, खोल बसला असेल, किंवा होल ग्रीनच्या अलीकडच्या कडेलगत असून चेंडूला घरंगळायला जागाच नसेल, तेव्हा चिपर बाजूला ठेवून वेज काढावा लागतो. म्हणून वेजचा सराव सोडून देऊ नये. आणि चेंडू काठावरच्या कापलेल्या गवतावर असून मधली जमीन कोरडी आणि सपाट असेल, तर चिपरचीही गरज नसते, पटरच सर्वांत सुरक्षित असतो.

दुसऱ्या स्नेह्यांच्या शेऱ्याबद्दल एवढेच सांगतो, की कमी लॉफ्टच्या क्लबने चेंडू जमिनीलगत पळवणे ही या खेळाची फार जुनी रीत आहे. स्कॉटलंडमध्ये लाकडी दांड्यांच्या काळी याच कामासाठी जिगर नावाचा क्लब वापरत असत, आणि सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सतराव्या होलच्या शेजारी असलेली जिगर इन ही पानशाळा आजही ते नाव सांभाळून आहे. जिथे हा खेळ वाढला तिथल्या लोकांना ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला वाटण्याचे कारण नाही.

आता नियमांविषयी. स्पर्धेत चिपर चालतो, परंतु आर अँड ए आणि यूएसजीए या खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमांनुसार तो आयर्न मानला जातो, पटर नव्हे. पटरचा लॉफ्ट दहा अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. त्यामुळे पटरला मिळणाऱ्या सवलती चिपरला मिळत नाहीत: त्याला चेंडू मारण्याचे तोंड एकच असावे लागते, दांडा टाचेकडे जोडलेला असावा लागतो आणि पकड गोल असावी लागते, पटरसारखी एका बाजूने चपटी चालत नाही. बाजारात दोन्ही बाजूंनी मारता येणारे चिपर मिळतात, ते घेऊ नयेत. असा क्लब केवळ बॅगेत ठेवल्याबद्दल दंड नाही, पण स्पर्धेत त्याने एक फटका मारला तरी खेळाडू बाद ठरतो. बॅगेतील क्लबची संख्या चौदापेक्षा जास्त होऊ नये म्हणून एखादा क्लब कमी करावा लागला, तर तीन किंवा चार नंबरचा आयर्न काढावा; आपल्या खेळात त्याचा उपयोग फारसा होत नसेल.