सिंगापूरचं युनिव्हर्सल, पहिल्यांदाच आणि खिशाला झेपेल असं

ताई, मुलांना घेऊन युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क बघायला पहिल्यांदाच परदेशात निघालात, छानच! नाशिकहून मुंबई गाठली की थेट विमान, म्हणून सुरुवातीला सिंगापूरच बरं.

आधी तारीख ठरवा. तिथल्या शाळांना जूनमध्ये सुट्टी असते, आपल्या मुलांना मेमध्ये. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यातला, सरकारी सुट्टी नसलेला मंगळवार-बुधवार धरा.

नवखे हमखास चुकतात ते मुक्कामात. युनिव्हर्सल आहे त्या सेंटोसा बेटावरचं हॉटेल नको, लिटल इंडिया या भारतीय वस्तीच्या भागात राहा. शाकाहारी जेवण हाकेच्या अंतरावर, जांभळ्या मेट्रोने थेट हार्बरफ्रंट आणि तिथून बेटावर पुलावरून चालत, फुकट!

बाकी एवढंच:
- एक्सप्रेस पासची (जादा पैसे देऊन राइडची रांग टाळायचा पास) घाई नको. गेट उघडण्याआधी पोहोचा, मोठ्या राइड्स आधी उरका.
- मुलांची उंची घरीच मोजा. माझा भाचा राइडच्या दारातून परत फिरला, फार रडला बिचारा.
- ४ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.
- व्हिसा लागतोच. अरायव्हल कार्ड (सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म) मात्र सरकारी साइटवर मोफत भरता येतं, त्याचे पैसे कुणालाही देऊ नका.

नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली सोबत ठेवा. रात्री हॉटेलवर भूक लागते तेव्हा आपला चिवडा असू द्या.