पहिल्या ॲडमिशनच्या आधी

ताई, माझी दोन्ही मुलं खाजगी शाळेत शिकली, म्हणून सांगते. गेटवरची कमान, एसी वर्ग आणि 'इंटरनॅशनल' हा शब्द बघून फॉर्म भरू नका. धाकट्याच्या वेळी मी तीच चूक केली आणि दुसरीत शाळा बदलावी लागली.

शाळा बघायला मधल्या सुट्टीत जा. आम्ही नंतर निवडलेल्या शाळेत एक बाई पायरीवर बसून एका रडक्या पोराच्या डब्याचं घट्ट झाकण उघडून देत होत्या, त्याच्याशी नावाने बोलत होत्या. माझा निर्णय तिथेच झाला. मुलांची स्वच्छतागृहं आत जाऊन बघा. बाई किती वर्षं टिकतात, हेही विचारा. दर वर्षी नवीन चेहरे असतील तर मला तरी ती शाळा नको वाटते. एका वर्गात किती मुलं आहेत ते मोजा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे.

फीचं लेखी मागा: बस, गणवेश, पुस्तकं सगळं धरून. 2011 च्या राज्य कायद्यानुसार फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो, तेव्हा ती समिती खरंच बसते का, हे जुन्या पालकांना विचारा. डोनेशन मागितलं किंवा प्रवेशासाठी लेकराची मुलाखत ठेवली, तर या दोन्हींना मनाई करणाऱ्या आरटीईच्या कलम 13 ची आठवण करून द्या.

आणि घरापासूनचं अंतर! साडेसहाची बस चार वर्षांच्या मुलाला फार जड जाते हो.